रस शोषणाऱ्या किडींची लाळ

करडईच्या शेंड्यावर मावा बसला म्हणजे तो झाडाचा रस पितो व त्यामुळे झाड खंगते, इतके ज्ञान आमच्या बहुतेक वाचकांस आहेच. परंतु रस पिण्यापूर्वी व पीत असताना हा क्षुद्र जीव झाडास काही देतही असतो, आणि पुष्कळदा त्याच्या घेण्यापेक्षा या देण्यानेच झाडाचे अधिक अकल्याण होते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ते देणे म्हणजे त्याची लाळ. गेल्या साठ-सत्तर वर्षांत, व विशेषतः २००६ पासून पुढे, या लाळेतील प्रथिनांविषयी जो शोध झाला आहे तो केवळ पंडितांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. बियाण्याची निवड, नत्राची मात्रा व फवारणीचा खर्च या तिहींशी त्याचा निकट संबंध आहे. सबब त्याची हकीकत थोड्या विस्ताराने देण्याचे आम्ही योजिले आहे.

लाळेचा प्रताप उघड्या डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने कोकणातील अगर गोव्यातील काजूची बाग पालवीच्या दिवसांत पाहावी. ढेकण्या नावाची जी कीड तेथील बागाइतदारांच्या चांगल्या परिचयाची आहे, ती कोवळ्या शेंड्यास सोंड टोचते. थोड्याच वेळात त्या जागी पाणचट डाग दिसतो, पुढे तो काळा पडतो, व असे काही डाग एकत्र झाले म्हणजे सबंध शेंडा किंवा मोहोराची काडी जळाल्यासारखी वाळून जाते. आता एका ढेकण्याच्या पोटात मावणारा रस तो किती? तेवढ्या रसाच्या हानीने शेंडा मरावा हे संभवत नाही. त्याची लाळच तेथे काम करीत असते. याच कुळातील लायगस नावाचा ढेकूण अमेरिकेत कपाशीवर व लसूणघासावर येतो. त्याच्या लाळेत वनस्पतीच्या पेशी एकमेकींस सांधणारे पेक्टिन विरघळविणारी विकरे आहेत. हे पेक्टिन म्हणजे ज्याच्या योगाने पेरूची जेली घट्ट बसते तेच द्रव्य होय. तेथील संशोधकांनी ती विकरे वेगळी काढून सूक्ष्म सुईने घासाच्या कळ्यांत टोचली, तेव्हा ढेकूण जवळपास नसतानाही ढेकणाने केल्यासारखीच इजा झाली. म्हणजे हा ढेकूण आपले अन्न प्रथम झाडातच शिजवितो व मग तो काढा पितो, असे म्हटल्यास चालेल.

मावा, तुडतुडे व पांढरी माशी यांची रीत याहून निराळी व अधिक धूर्तपणाची आहे. ढेकण्यास दरोडेखोर म्हटले तर माव्यास खिसेकापू म्हणावे लागेल. ज्याचा खिसा कापावयाचा त्यास जाग येऊ नये यावरच त्याचा सगळा धंदा अवलंबून असतो. पानात तयार झालेली साखर ज्या बारीक नळ्यांतून मुळांकडे, फळांकडे व दाण्यांकडे वाहते त्या अन्नरसाच्या नळ्यांवर याचा डोळा असतो. माव्याची सोंड दिसावयास एक असली तरी तिच्या आत चार सुया असतात. त्यांपैकी आतील दोन एकमेकींस अशा जुळलेल्या असतात की त्यांच्यामध्ये दोन नलिका तयार होतात. एकीतून रस वर येतो व दुसरीतून लाळ खाली जाते. ही सुई पेशी फोडीत सुटत नाही. दोन पेशींच्या मधल्या सांध्यांतून वाट काढीत, मधून मधून एखाद्या पेशीस किंचित टोचून चव घेत, ती खोल जाते, व अन्नरसाच्या नळीपर्यंत पोचण्यास तिला बहुधा तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो.

या प्रवासात दोन प्रकारची लाळ उपयोगी पडते. पहिली बाहेर पडताच गोठते. सुई पुढे सरकली की थोडी लाळ, ती गोठली की पुन्हा सुई पुढे, असे होत होत सुईभोवती एक म्यान तयार होते, व मावा उडून गेला तरी ते म्यान पानात तसेच राहते. पानाचा पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्या म्यानांच्या वेड्यावाकड्या वाटा स्पष्ट दिसतात. विहिरीस कडे बांधावे तसे हे काम आहे. भोवतालच्या पेशींतील रस आत पाझरत नाही, टोचलेल्या नळीचा रस बाहेर गळत नाही, व सुई डगमगत नाही. हे म्यान मुख्यतः प्रथिनांचे असते. दुसरी लाळ पाण्यासारखी पातळ. तीत नाना प्रकारची विकरे व इतर प्रथिने असतात, व ती थेट पेशींत आणि अन्नरसाच्या नळीत सोडली जाते. लाळेचे हे दोन प्रकार निराळे करून दाखविण्याचे श्रेय बरेचसे ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडिलेड येथील पीटर माइल्स यांच्या दीर्घ परिश्रमांस आहे.

येथे वाचक साहजिकच विचारतील की, तिळाएवढ्या किड्याच्या सोंडेत काय चालले आहे हे कळले कसे? त्याची कथा मोठी मनोरंजक आहे. १९५३ साली केनेडी व मिटलर या दोघा शास्त्रज्ञांनी रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापली व तिचे टोक झाडात तसेच राहू दिले. त्या कापलेल्या टोकातून रस आपोआप झिरपत राहिला, व तोही कित्येक तास. यावरून अन्नरसाच्या नळीत केवढा दाब असतो हे कळून आले. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाहून तो कित्येक पट असतो. मावा ज्यास आपण 'शोषणारा' म्हणतो तो वस्तुतः फारसा शोषीत नाही, झाडच त्यास पाजते! साखर हवी त्याहून फार जास्त पोटात येते, ती तो मागल्या बाजूने टाकून देतो. तोच आपला चिकटा, व त्यावरच पुढे काजळी धरते. या रसात साखर विपुल, परंतु नत्राचा अंश फार थोडा असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

पुढे १९६४ साली कॅलिफोर्नियात मॅक्लीन व किन्से यांनी विजेची युक्ती काढली, व १९७८ साली हॉलंडमधील त्यालिंगी यांनी ती सुधारली. माव्याच्या पाठीवर केसाहून बारीक सोन्याची तार चिकटवावयाची, दुसरी तार कुंडीतील मातीत खुपसावयाची, व दोहोंमधून अत्यंत मंद विद्युत्प्रवाह सोडावयाचा. सोंड झाडात शिरली की मंडल पुरे होते. आणि सुई वाटेत आहे, लाळ सोडीत आहे की रस पीत आहे, याप्रमाणे कागदावर उमटणारी रेषा बदलते. या रेषेवरून असे आढळले की, अन्नरसाची नळी सापडताच मावा लगेच पिऊ लागत नाही. प्रथम काही वेळ तो तीत पातळ लाळ सोडतो व मगच पिण्यास आरंभ करतो. एकदा लागलेली धार मात्र तो तासचे तास सोडीत नाही.

ही आधीची लाळ कशासाठी? झाड निर्जीव पखालीसारखे नाही. नळीस भोक पडताच ते बुजविण्याची त्याच्यापाशी तजवीज असते, नाहीतर प्रत्येक ओरखड्यासरशी त्याचे अन्न वाहून गेले असते. बाहेरील कॅल्शियम भोकावाटे आत शिरते व ती इशारत मिळताच नळीतील काही प्रथिने फुगून बूच बसवितात. मागाहून भिंतीवर दुसरा लेप चढू लागतो. घेवडा, बाकला यांसारख्या शेंगवर्गीय झाडांत हे बूच चातीच्या आकाराचे असते व एका क्षणाच्या आत फुगते. २००७ साली जर्मनीतील टॉर्स्टेन विल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाकल्यावरील माव्याची लाळ गोळा करून या चात्यांवर टाकली, तेव्हा फुगलेल्या चात्या पुन्हा आकसल्या. लाळेतील प्रथिने कॅल्शियम धरून ठेवतात व झाडाची इशारत दडपतात, असे त्यांनी अनुमान केले. पानाचे टोक दूर जाळले असता, इकडे रस पीत असलेला मावा पिणे थांबवून लाळ सोडू लागला, हेही त्यांस दिसले. हा शोध फार गाजला. परंतु २०१३ साली अमेरिकेत जिवंत झाडावरील मावा लाळ सोडीत असतानाच पानासकट एकदम गोठवून पाहणी झाली, तेव्हा लाळ पडलेल्या नळीतील बूच शेजारच्या नळ्यांतील बुचांहून लवकर सुटते असे दिसून आले नाही. काचेवर जे घडते ते झाडात घडतेच असे नाही, हा धडा शेतकऱ्यास नवा नाही. प्रयोगक्षेत्रावरील पिकाची व आपल्या खाचरातील पिकाची तुलना तो दरसाल करीतच असतो. कॅल्शियम धरणारी प्रथिने लाळेत आहेत याविषयी वाद नाही; वाद आहे तो एवढ्या एका बुचाविषयी.

लाळेतील एखादे प्रथिन किड्यास किती आवश्यक असते, याचा निर्विवाद पुरावा अमेरिकेतील कॅन्सस संस्थानातून आला. तेथे २००६ व २००८ साली वाटाण्यावरील माव्याच्या लाळग्रंथींतील एक प्रथिन निवडण्यात आले. त्यास सी-००२ असे नुसते दप्तरी नाव आहे, व माव्यांच्या कुळाबाहेर त्याच्याशी जुळणारे प्रथिन सापडले नाही. ते प्रथिन तयार करण्याचा हुकूमच माव्याच्या शरीरात दाबून टाकला असता, असे मावे बाकल्याच्या झाडावर तग धरीनात. ते भुकेने व्याकूळ होऊन सोंड टोचीत, परंतु अन्नरसाच्या नळीशी त्यांचा संबंध अगदी थोडाच वेळ राही. समोर भरलेले ताट असून किल्ली हरवल्यामुळे उपासमार, अशी त्यांची स्थिती झाली. उलट बाजूने, २०१० साली इंग्लंडात हिरव्या माव्याचे हेच प्रथिन झाडाच्या पेशींतच तयार करविले, तेव्हा त्या झाडावरील माव्यास अधिक पिल्ले झाली. त्याच प्रयोगात दुसऱ्या दोन लाळप्रथिनांनी मात्र माव्याचीच संतती घटविली, कारण ती झाडाच्या पहाऱ्यास ओळखू येतात. लाळ ही चोराची किल्ली आहे, तशीच ती त्याच्या पावलांची खूणही आहे. आणि आमच्या भातकरी वाचकांचा खरा संबंध येथूनच सुरू होतो.

भातावरील तपकिरी तुडतुडा काय करतो ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोलीकडील शेतकऱ्यांस सांगावयास नको. पीक निसवते, बांधावरून पाहणारास सगळे हिरवेगार दिसते, आणि चार-आठ दिवसांत खाचराच्या मध्यभागी गोल चट्टे पडून भात जळाल्यासारखा होतो. घरात येणारे दाणे डोळ्यांदेखत पळिंज होतात व गुरांनाही तो पेंढा रुचत नाही. १९७३-७४ साली केरळातील कुट्टनाड भागात या किडीने भाताचा जो विध्वंस केला तो त्या प्रांतातील जुन्या मंडळींच्या अजून स्मरणात आहे. या तुडतुड्याची लाळही वर सांगितल्याप्रमाणेच दुहेरी आहे. तिच्यात पेशीच्या भिंतीचे काष्ठद्रव्य तोडणारे विकर आहे, कॅल्शियम धरणारे प्रथिन आहे, व म्यान बांधण्यास लागणारे बुळबुळीत प्रथिनही आहे. चिनी संशोधकांनी २०१७ च्या सुमारास ही तिन्ही एकेक करून बंद पाडली व प्रत्येक वेळी तुडतुड्याचे भातावर पोसणे बिघडले.

या किडीस दाद न देणारे भात शोधण्याचे काम फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६० नंतर सुरू झाले, व मुडगो या हिंदी वाणात पहिला गुण सापडला. त्याच्या आधारे १९७३ साली आयआर २६ हा वाण बाहेर पडला. मोठ्या प्रदेशावर तोच एक वाण लागला, आणि दोन-तीन वर्षांतच फिलिपाइन्स व इंडोनेशिया येथे त्यास न जुमानणारे तुडतुडे निपजले. मग १९७६ साली निराळ्या गुणाचा आयआर ३६ आला. तो काही अधिक वर्षे टिकला. नवल असे की, ज्या हिंदुस्थानातील वाणांत हे गुण प्रथम मिळाले त्या हिंदुस्थानातील तुडतुड्यांवर ते दोन्ही गुण निष्प्रभ ठरले. आमच्या मते यात नवल मानण्याचे कारण नाही. जेथे कुलूप जुने तेथे किल्ल्याही जुन्याच असावयाच्या.

कुलूप व किल्ली यांचा हा दृष्टान्त अक्षरशः किती खरा आहे ते २००९ व २०२३ या दोन सालांतील शोधांनी दाखविले. रानभाताच्या एका जातीतून आलेला बीपीएच १४ नावाचा गुण चीनमधील वुहान विद्यापीठात २००९ साली प्रथम वेगळा करण्यात आला. तो कशास ओळखतो हे मात्र २०२३ साली कळले. तुडतुडा लाळेबरोबर एक प्रथिन भाताच्या पेशीत सोडतो. ते धोक्याची वर्दी पुढे पोचविणाऱ्या भाताच्या प्रथिनास धरून ठेवते, म्हणून साध्या भातास चोरी कळत नाही. परंतु ज्या भातात बीपीएच १४ आहे तेथे तो पहारेकरी त्या लाळप्रथिनासच पकडतो व सगळीकडे वर्दी जाते. नळ्यांवर लेप चढतात, व तुडतुड्याचे पोट भरेनासे होते. याहूनही विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. वर्दी अखंड चालू राहिली तर भाताची वाढ खुंटते, कारण जी शक्ती दाण्यात जावयाची ती लढाईत खर्च होते. म्हणून भात त्या लाळप्रथिनाचा स्वतःच निकाल लावतो, व किडा हटला की वर्दी शमते. घरधन्याने रात्रभर आरडाओरड करीत न बसता चोर पळाल्यावर निजावे, तशी ही सोय आहे. बियाण्यात प्रतिकाराचा गुण घातला की उत्पन्न घटलेच पाहिजे, अशी जी समजूत पुष्कळांची आहे तीस या शोधाने बराच धक्का बसला आहे.

तथापि लाळेतील ते प्रथिन थोडे बदलले तर पहारेकरी फसणार हे उघड आहे. लक्षावधी तुडतुड्यांत तसा एखादा निघणे दुर्घट नाही, व सगळ्या शिवारात एकच वाण असेल तर त्या एकाचीच प्रजा वाढणार. म्हणून दोन-तीन निराळे गुण एकाच वाणात आणण्याची हल्लीची खटपट आम्हांस योग्य वाटते. शेतकऱ्याने आपल्या बाजूने इतके करावे की, 'प्रतिकारक' एवढ्या शब्दावर बियाणे न घेता त्यात कोणता गुण आहे व आपल्या जिल्ह्यात तो तपासला आहे काय, हे कृषि विद्यापीठाच्या जवळच्या केंद्रात विचारावे. आणि गावाने मिळून एकच वाण सलग न लावता निदान दोन तरी लावावेत.

आता नत्राची गोष्ट. अन्नरसात नत्राचा अंश थोडा असल्यामुळे या किडींची वाढ नत्रावाचून अडते, असे वर सांगितले. युरिया हात सैल सोडून टाकला म्हणजे रसातील ती उणीव भरून निघते. तुडतुडे जास्त पितात व अंडीही जास्त घालतात. पीक काळेभोर दिसावे या हौसेपायी आपण किडीस खुराक घालतो, हे स्पष्ट बोलल्याबद्दल वाचक क्षमा करतील. मात्रा हप्त्याहप्त्याने द्यावी. लावणी फार दाट करू नये, व दर दोन-तीन मीटरांनंतर एक फूटभर पट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे बुंध्याशी वारा व ऊन पोचते. कीड वाढू लागल्यास खाचरातील पाणी तीन-चार दिवस काढून टाकावे. पाहणी नेहमी चुडाच्या बुंध्याशी करावी. पात्यांकडे पाहून काही कळत नाही.

फवारणीविषयी आमचे मत असे की, ती शेवटची तोड आहे. तुडतुड्याची अंडी पात्याच्या आवरणात सुरक्षित असतात; औषधाने कोळी, ढालकिडे व अंडी खाणारे छोटे ढेकूण मात्र आधी मरतात, व आठवड्याने अंडी फुटली की नव्या पिल्लांस शत्रूच उरत नाही. काही औषधांनंतर तुडतुडे पूर्वीपेक्षा वाढल्याचे अनेक देशांत नोंदले गेले आहे. इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ साली भातावर ५७ कीटकनाशकांस बंदी केली, ती याच अनुभवामुळे. आणि त्याने तेथील भाताचे उत्पन्न बुडाले नाही. इमिडाक्लोप्रिडवर एके काळी केवढी भिस्त होती! २००५ च्या सुमारास आशियातील अनेक भागांत तपकिरी तुडतुडा त्यास जुमानीनासा झाला.

लाळेबरोबर रोगही येतात हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. भेंडीवरील पिवळ्या शिरांच्या रोगाचे विष पांढऱ्या माशीच्या शरीरातून फिरून लाळग्रंथींत जाते व लाळेवाटे झाडात उतरते. त्यास काही तास लागतात. उलट पपईवरील वलयांच्या रोगाचे विष मावा अंगात खोल न घेता, चव घेण्यासाठी मारलेल्या क्षणभराच्या टोचणीतच देऊन मोकळा होतो. औषधाने तो मरेल खरा, परंतु तोपर्यंत त्याचे काम झालेले असते. पपईच्या बागेत नुसत्या फवारणीने हा रोग का आवरत नाही, याचे उत्तर यात आहे. तेथे निरोगी रोपे, रोपवाटिकेवर जाळी, कडेने मक्याच्या दोन-चार ओळी व रोगट झाड दिसताच उपटणे याच उपायांनी गुण येतो.

लाळेवरच घाव घालण्याचा एक प्रयत्न जर्मनीत झाला आहे. २०१५ साली तेथे असा जव तयार करण्यात आला की, तो खाल्ल्याने धान्यावरील माव्याच्या शरीरात म्यानाचे मुख्य प्रथिन बनण्याचेच कमी होते. त्या माव्यांची म्याने अपुरी राहिली, पिणे बिघडले व संतती घटली. आणि साध्या जवावर आणून सोडल्यावरही त्यांच्या पुढील पिढ्यांत हा दोष उतरला. हे काम अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे, व त्यावर आज कोणी विसंबून राहावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या मार्गात कोळ्यास व ढालकिड्यास विष घालावे लागत नाही, एवढ्यासाठी तरी त्याकडे आमचे लक्ष राहील, व त्यात काही नवे घडल्यास ते आम्ही या मासिकातून वाचकांस कळवू.